‘धाव, डाकवाल्या, धाव!’

वाचकहो, आज एका शब्दाची कुळकथा सांगायची आहे. शब्द इंग्रजी आहे आणि जुना आहे. खुद्द साहेबाच्या देशातही आता तो रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. नाटकात, कादंबरीत, क्वचित वर्तमानपत्राच्या मथळ्यात भेटतो. तो शब्द म्हणजे ‘पोस्ट-हेस्ट’. अर्थ सरळ आहे : अगदी तातडीने, क्षणाचाही विलंब न लावता.

आता तुम्ही म्हणाल, चांदा-गडचिरोलीच्या माणसाला या शब्दाशी काय करायचे आहे? मलाही प्रथम तसेच वाटले होते. मी इतिहास शिकवतो, इंग्रजी नव्हे. परंतु आमच्या महाविद्यालयात एटापल्लीकडचा एक विद्यार्थी बी. ए. ला होता. त्याच्या इंग्रजीच्या अभ्यासाला शेक्सपियरचे ‘ऑथेल्लो’ नाटक होते. त्या नाटकात रात्रीच्या वेळी सरदाराला तातडीचे बोलावणे येते, आणि तिथे हा शब्द येतो. मुलाने कोश उघडला, अर्थ मिळाला. पण समाधान झाले नाही. वाचनालयात तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, अर्थ तर भेटला, पण एक गोष्ट समजून नाही राहिली. पोस्टाचा अन् घाईचा संबंध काय? आमच्याकडे तर पोस्टाचं पत्र आठ-आठ दिवसांनी येते!”

मला हसू आले, पण प्रश्न खोटा नव्हता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी इटली, इराण, दिल्ली, दौलताबाद असा फिरलो आणि शेवटी प्राणहितेच्या काठी येऊन पोचलो. तीच वाट आज तुमच्याबरोबर पुन्हा चालतो.

प्रथम ‘पोस्ट’ हा शब्द घ्या. मूळ लॅटिन भाषेतले. ‘ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून ‘पोझिता’ म्हणजे ‘ठेवलेली’ असे रूप झाले. त्याचे इटालियन भाषेत ‘पोस्ता’ झाले, फ्रेंचांनी ‘पोस्त’ केले, इंग्रजांनी ‘पोस्ट’. काय ठेवलेले? तर रस्त्यावर ठराविक अंतरा-अंतरावर ठेवलेले घोडे आणि माणसे. पत्र नव्हे, पेटी नव्हे, कचेरी तर नव्हेच. राजाचा निरोप घेऊन एक स्वार यायचा. पुढच्या ठाण्यावर ताजा घोडा खोगीर घालून तयार असायचा. निरोप पुढे जायचा. घोडा थके, माणूस थके, निरोप मात्र थकत नसे. या ‘ठेवलेल्या’ साखळीचे नाव त्या साखळीतल्या माणसाला पडले, मग त्याच्या थैलीला आणि अखेरीस लाल रंगाच्या पेटीला. (आमच्या शिक्षकबंधूंना ‘पोस्टिंग’ नावाची जी वस्तू दर काही वर्षांनी छळते, तीही याच घराण्यातली. तिथे घोड्याऐवजी गुरुजी ‘ठेवलेले’ असतात, एवढाच फरक!)

आता ‘हेस्ट’ म्हणजे घाई, त्वरा. सोळाव्या शतकात इंग्लंडात आठव्या हेन्रीचे राज्य होते. त्याने सर ब्रायन ट्यूक नावाच्या गृहस्थाला डाकेचा मुख्य नेमले होते. त्या काळी सरकारी पत्र पाठवताना पाठीवर, पत्त्याजवळच, डाकवाल्याला उद्देशून हुकूम लिहीत : घाई कर, डाकवाल्या, घाई कर. इंग्रजीत हे तीनच शब्द होतात : ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’. पत्र फारच निकडीचे असले की त्यापुढे ‘तुझ्या जिवासाठी’ अशी पुस्ती जोडीत, आणि काही पत्रांवर तर फाशीचा खांब चितारलेला आहे. डाकवाल्याला वाचता येवो अथवा न येवो, ते चित्र त्याला बरोबर समजत असणार! हा हुकूम इतक्या पत्रांवर इतक्या वेळा लिहिला गेला की पुढे त्यातला स्वल्पविराम गळाला, हाक मारण्याचा सूर गळाला, आणि उरला तो नुसता ‘पोस्ट-हेस्ट’ : तातडीने.

म्हणजे पाहा, आज कोशात जे साधे क्रियाविशेषण दिसते, ते मुळात एका माणसाने दुसऱ्या माणसाला मारलेली हाक आहे. मारणारा दरबारात बसलेला आहे आणि ऐकणारा चिखलातून घोडा हाकतो आहे. एलिझाबेथ राणीच्या काळच्या नियमांत डाकेच्या स्वाराने उन्हाळ्यात तासाला सात मैल आणि हिवाळ्यात पाच मैल जावे, अशी अपेक्षा लिहिलेली आहे. पत्र कोणत्या ठाण्यावर किती वाजता आले, ते त्याच पत्राच्या पाठीवर टिपून ठेवीत. म्हणजे उशीर कोणाकडून झाला ते कळावे.

ही युक्ती काही इंग्रजांची नव्हे. तिच्याहून दोन हजार वर्षे आधी इराणच्या बादशहांनी सार्डिसपासून सूसा राजधानीपर्यंत राजमार्ग बांधला होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की त्यावर १११ ठाणी होती आणि पायी चालणाऱ्याला ती वाट ९० दिवसांची होती. बादशहाचे स्वार मात्र ठाण्या-ठाण्यावर घोडा आणि माणूस बदलत जात. या डाकेला इराणी भाषेतले जे नाव होते, त्यावरून ग्रीकांनी ‘अंगारेयिआ’ असा शब्द केला. आता या शब्दाचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. बादशहाचे स्वार वाटेवरच्या गावकऱ्यांची जनावरे आणि माणसे कामाला धरीत. त्यामुळे ग्रीक आणि लॅटिन भाषांत त्या शब्दाचा अर्थच बदलला. ‘बादशाही डाक’ हा अर्थ मागे पडला आणि ‘वेठ’ हा अर्थ रुजला. वेठ म्हणजे काय, हे चांदा जिल्ह्याच्या जुन्या माणसांना समजावून सांगायला नको. त्याकडे पुढे येतोच.

आता आपल्या देशात येऊ. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ च्या सुमारास सिंधमध्ये उतरला. महंमद तुघलकाची डाक पाहून तो थक्क झाला. तो लिहितो की या देशात डाक दोन प्रकारची आहे, एक घोड्याची आणि एक पायांची. पायी डाकेत एका मैलात तीन ठाणी असतात. प्रत्येक ठाण्यावर कंबर कसून माणसे बसलेली. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, काठीच्या टोकाला तांब्याची घुंगरे. घुंगरांचा आवाज आला की पुढच्या ठाण्यावरचा माणूस उठून उभा राहतो, पत्र घेतो आणि जिवाच्या आकांताने धावत सुटतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ही पायी डाक घोड्याच्या डाकेपेक्षाही वेगवान होती. सिंधहून दिल्लीला जायला प्रवाशाला पन्नास दिवस लागत. बातमी पाच दिवसांत पोचे.

आणि या पायी डाकेचे नाव त्याने काय दिले आहे? ‘दावा’. अरबी लिपीत लिहिलेला हा शब्द आपला ‘धाव’ आहे, असे पंडित सांगतात. संस्कृत ‘धाव्’ धातू, हिंदी ‘धावा’, मराठी ‘धाव’. इंग्रजांच्या शब्दात घोडे ‘ठेवलेले’ आहेत. आपल्या शब्दात माणूस प्रत्यक्ष धावतो आहे. मला स्वतःला आपला शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

याच डाकेचा एक धागा महाराष्ट्राला जोडलेला आहे. सुलतान दौलताबादेस असताना त्याला पिण्यासाठी गंगेचे पाणी याच धावणाऱ्या माणसांच्या खांद्यावरून जात असे. वाट चाळीस दिवसांची. खुरासानची ताजी फळेही अशीच येत. उन्हातान्हात धावणारा तो माणूस गंगेच्या पाण्याचा घोट घेऊ शकत होता की नाही, हे इब्न बतूता लिहीत नाही. प्रवासवर्णनात अशा गोष्टी राहूनच जातात.

मराठेशाहीत या कामाला जासूद, काशीद, हरकारे आणि सांडणीस्वार असत. जासूद हा अरबी ‘जासूस’चा मराठी अवतार; काशीदही अरबीच. हरकारा फारसी, ‘हर काम करणारा’ तो हरकारा. जासूद बहुधा दोघे मिळून जात, म्हणून जुन्या कागदांत ‘जासूद जोडी’ असा शब्द येतो. एक वाटेत आजारी पडला, लुटला गेला, वाघाने नेला, तरी दुसऱ्याने पत्र पोचवावे. पत्राच्या मजकुरात ‘टाकोटाक’, ‘सत्वर’ हे शब्द पडलेले असत. ‘टाकोटाक’ हा आपला जुना ‘पोस्ट-हेस्ट’च समजा. आता तोही कोणी वापरत नाही. खेड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकला तर मात्र टिपून ठेवा.

निरोपाच्या वेगाचे मोल काय असते, ते पानिपताने शिकवले. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते आणि भेलशाजवळ होते. २४ तारखेला त्यांच्या हाती जे पत्र लागले ते कोणा सरदाराचे नव्हते, सावकाराचे होते. सांकेतिक भाषेत मोती गळाल्याचे आणि मोहरा हरवल्याचे त्यात लिहिले होते. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले, हे त्यावरून समजायचे. दहा दिवसांत हे पत्र इतक्या दूर आले. राज्याच्या जासुदाआधी व्यापाऱ्याची डाक पोचली! व्यापाऱ्याला बाजारभावासाठी रोज डाक चालू ठेवावी लागते. राज्याला तिची आठवण संकटात होते. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

असो. ‘डाक’ आणि ‘टपाल’ या दोन शब्दांकडे वळू, कारण इथे आपला गडचिरोली जिल्हा मध्ये येतो.

उत्तरेकडे सगळे ‘डाक’ म्हणतात. डाक म्हणजे मुळात टप्प्या-टप्प्यावर बदलणारी माणसे किंवा जनावरे. साहेब पालखीतून निघाला की वाटेत भोई बदलायची सोय आधीच करून ठेवीत. त्याला डाकेने प्रवास करणे म्हणत. म्हणून जंगलातल्या सरकारी मुक्कामाच्या घराला डाकबंगला. त्यात पत्रे कधी येत नाहीत, तरी नाव तेच! दक्षिणेकडे ‘टपाल’ चालते. सिरोंच्याला जा, प्राणहिता ओलांडली की तेलंगण. तिथे तेलुगू माणूस ‘तपाला’ म्हणतो. कोरची-कुरखेड्याच्या पलीकडे छत्तीसगडात जा, ‘डाक’ म्हणतात. आणि मधला आपला मराठी माणूस? तो टपाल म्हणतो, डाक म्हणतो आणि पोस्टही म्हणतो. तिन्ही शब्द एकाच वाक्यात वापरायलाही त्याला काही वाटत नाही.

‘टपाल’ आला कुठून, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा कोश छापला, त्यात त्यांनी मूळ अस्पष्ट असल्याचे म्हटले. तेलुगूचे कोशकार ब्राउनसाहेब यांना तो फ्रेंच ‘एताप’ शब्दाशी नाते सांगणारा वाटला. एताप म्हणजे मुक्कामाचा टप्पा. आपल्या कानाला मात्र फ्रान्सपर्यंत जायची गरज वाटत नाही. ‘टप्पा’ आणि ‘टपाल’ शेजारी ठेवले की ते भाऊभाऊच दिसतात. कानावर फार विसंबू नये, हे मला कळते. पण अर्थ जुळतो, एवढे खरे.

इथे एक मौज पाहा. इंग्रजीत टप्प्याची व्यवस्था म्हणजे पोस्ट. आणि तिच्यापासून जो शब्द निघाला तो ‘अतिशय जलद’ या अर्थाचा. मराठीत ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणजे काय? सावकाश, थोडे थोडे करून! सरकारने पूल ‘टप्प्याटप्प्याने’ बांधण्याचे जाहीर केले की गावकरी समजून जातात, आता आपल्या नातवाच्या लग्नापर्यंत वाट पाहायची. ‘मजल दरमजल’चेही तसेच झाले. मुळात ते एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर सतत पुढे जाणे होते. आता त्याला रेंगाळण्याचा वास येतो. एकच व्यवस्था, पण निरोप पाठवणाऱ्याला ती वेगाची वाटली आणि पायी चालणाऱ्याला लांबच लांब वाटेची. शब्द कोणाच्या बाजूने घडला, ते असे उमगते.

आता चांद्याचा इतिहास. गोंड राजांचे हे शहर १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांपुढे पळत होता. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी त्याला चांद्याकडे येण्याविषयी गुप्तपणे लिहिले. त्या पत्रव्यवहाराचा सुगावा रेसिडेंट जेंकिन्सला लागला आणि मार्च महिन्यात आप्पासाहेब कैदेत पडले. बाजीराव पांढरकवड्याजवळ आला होता; वर्धा ओलांडली की चांदा. पण १७ एप्रिलला सिवनी येथे कर्नल ॲडम्सने त्याला गाठले, आणि २० मे रोजी चांद्याचा किल्लाही पडला.

पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानात नवा टपाल कायदा झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. अंतराचा हिशेब संपला. त्याच वर्षी तारायंत्र सामान्य लोकांसाठी खुले झाले. ज्या वर्षी आपले राज्य गेले, त्याच वर्षी स्वस्त टपाल आणि तार आली. नव्या राजवटीला आपल्या फौजेइतकाच भरवसा आपल्या डाकेवर होता.

१८५८ च्या मार्चमध्ये या जंगलात बंड उठले. अहेरी जमीनदारीतील मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव हे त्याचे पुढारी. गोंड आणि रोहिले अशी त्यांची फौज. चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन क्रिक्टन. त्या सुमारास प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तार खात्यातल्या तीन गोऱ्या माणसांचा तळ पडला होता. २९ एप्रिलच्या रात्री बंडवाल्यांनी या तळावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. तिसरा, पीटर, निसटला आणि कॅप्टन क्रिक्टनला जाऊन मिळाला.

वाचकहो, जरा इथे थांबा. जंगलाच्या राजांनी हल्ला केला तो कोणावर? खजिन्यावर नव्हे, पलटणीवर नव्हे, तारवाल्यांवर. गोऱ्याचा तळ हाताशी सापडला म्हणून केला, की त्या तारेचे महत्त्व ओळखून केला, हे कागद सांगत नाहीत. पण तार ही बंडवाल्यांची वैरीण आहे, हे त्या दोन वर्षांत देशभर अनेकांना उमगले होते. आणि दुसरी गोष्ट : तारवाल्यांवर हल्ला झाला, ही वर्दी क्रिक्टनकडे तारेने गेली नाही, जीव वाचवून निघालेल्या एका माणसाच्या अंगाने गेली.

शेवट आपल्याला माहीत आहे. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत बाबूराव इंग्रजांच्या हाती पडले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात गेले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले आणि त्यांना जन्मठेप झाली. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये बाबूरावांच्या चित्राचे तिकीट काढले. ज्यांच्या लोकांनी तारवाल्यांचा तळ मोडला, त्यांचे चित्र पत्रावर चिकटून गावोगाव गेले. इतिहासाच्या शिक्षकाने वर्गात हे तिकीट जरूर दाखवावे. पाठातल्या सनावळ्यांपेक्षा मुले त्याकडे लवकर बघतात.

जंगलातल्या लोकांचीही स्वतःची डाक होती, हे विसरू नका. आपल्या सीमेपलीकडे बस्तरात १९१० मध्ये ‘भूमकाल’ नावाचे बंड झाले. त्या वेळी गावोगाव निरोप फिरला तो कागदावर नव्हे. आंब्याची डहाळी, मिरच्या, मातीचे ढेकूळ आणि बाण अशा वस्तू एका गावाने दुसऱ्या गावाला पोचवायच्या, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यावर ‘घाई कर’ असे लिहिण्याची सोय नव्हती आणि गरजही नव्हती.

आता वेठीकडे येतो. साहेब किंवा जमीनदाराचा माणूस गावात आला की त्याचे सामान आणि त्याचा कागद पुढच्या गावापर्यंत पोचवणे हे गावाच्या माथी असे. पुढच्या गावाने त्याच्या पुढे न्यायचे. साखळी तीच, टप्पे तेच. फक्त मजुरी नाही. पश्चिम महाराष्ट्रात हे काम महार वतनाच्या नावाखाली चाले. सरकारी कागद, सारा, निरोप घेऊन केव्हाही, रात्री-अपरात्री धावायचे; घरातला एक आजारी असला तर दुसऱ्याने जायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या दुरुस्तीचे बिल मांडले, ते याच जाचासाठी. वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातलीच होती. इराणी बादशहाच्या डाकेचे नाव ग्रीक भाषेत वेठीचे नाव का झाले, ते आता आणखी स्पष्ट झाले असेल.

कंपनी सरकारच्या काळापासून पायी डाकेला पगारी माणसे आली. हातात भाला, भाल्याला घुंगरू. रात्रीच्या जंगलात बरोबर मशालजी आणि ढोल वाजवणारा देत. वाघाने डाकवाला नेल्याच्या नोंदी त्या काळच्या कागदांत आहेत. आपल्या भागात ही पायी डाक फार उशिरापर्यंत टिकली, याला कारण आपल्या नद्या. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी आणि त्यांना मिळणारे शेकडो नाले. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला आगगाडी आली तीही कितीतरी वर्षे वडशापुरतीच. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, हे किती पावसाळ्यांत आपण वाचले आहे! अशा मुलखात टपाल पोचवणे म्हणजे पाणी उतरण्याची वाट पाहणे किंवा थैली डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यात उतरणे.

तारेचे युग आपल्याकडे आले आणि गेलेही. खेड्यात ‘तार आली’ म्हटले की घरातल्या बायका आधी रडायला लागत आणि मग वाचणाऱ्याचा शोध सुरू होई. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. त्याच्या बऱ्याच आधी, १९८६ मध्ये, टपाल खात्याने ‘स्पीड पोस्ट’ सुरू केले होते. पाहिलेत ना? चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ‘पोस्ट’ म्हणजेच वेग होता, म्हणून ‘पोस्ट-हेस्ट’ शब्द झाला. पुढे पोस्टाचा वेग लोकांच्या मनातून इतका उतरला की त्याच्यापुढे ‘स्पीड’ हा शब्द वेगळा चिकटवावा लागला.

एवढे सगळे मी त्या एटापल्लीच्या मुलाला दोन-तीन बैठकींत सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि काठीच्या घुंगरांची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाला, “सर, माझा आजा हेच काम करत होता न! आमच्या घरी ते घुंगरं आहेत.” मी चाट पडलो. इब्न बतूता शोधायला मी ग्रंथालयात गेलो होतो, आणि पुरावा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला होता.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या गावी गेलो. आजा अंगणात बाजेवर बसला होता. कान गेलेले, पण आवाज खणखणीत. काठी केव्हाच मोडली होती. घुंगरे बैलाच्या गळ्यात बांधली होती. त्याने सांगितले की एकट्याने सगळी वाट जायची नसे. अर्ध्या वाटेवर एक नाला होता, तिथे पलीकडून दुसरा माणूस येई, थैल्या बदलत आणि दोघे परत फिरत. मी विचारले, “आजोबा, थैलीवर काही लिहिलेलं असे का, की लवकर जा, घाई कर म्हणून? वरून कोणी दटावत असे का?”

नातवाने माझा प्रश्न त्याच्या कानाशी मोठ्याने सांगितला. म्हातारा माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “लिवलेलं असे का नसे, मले वाचता कुठं येत होतं, मास्तर? अन् म्हणाले कोण येते जंगलात? पण तो तिकडचा माणूस नाल्यापाशी एकटा बसून राहे न. मी उशीर केला तर त्याले अंधारात जा लागे.”